मूळ प्रत आणि ठसा

बंगळूरच्या राजाजीनगरातील औद्योगिक वसाहतीत जे छापखाने चालतात, त्यांच्या लेखी पहिली आणि हजारावी प्रत यांत फरक न दिसणे हीच चांगल्या छपाईची कसोटी होय. याच शहरात कस्तुरबा रस्त्यावरील ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’मध्ये २०२३ साली ज्योती भट्ट यांची छायाचित्रे मांडली गेली. छापण्याचा वेगळाच अर्थ सांगणाऱ्या या कलावंताकडे भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

भट्ट यांचा जन्म १९३४ साली भावनगरला झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरच्या मराठी वातावरणात वाढलेले ना. श्री. बेंद्रे तेथे त्यांचे गुरू होते. पुढे नेपल्स आणि न्यूयॉर्क येथील शिक्षणाची भर घालून भट्ट यांनी १९५९ ते १९९२ या काळात त्याच विद्याशाखेत अध्यापन केले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अम्लरेखनात धातूच्या पत्र्यावर अम्लरोधक लेप देऊन त्यावर रेषा कोरतात. अम्लाने खोल झालेल्या त्या रेषांत शाई भरून ओलसर कागदावर दाबाने ठसा घेतात. ठसा उलटा उमटतो. भट्ट यांच्या मुद्राचित्रांत मोर, पोपट, देवता यांच्या सोबतीने लिपीही येते. म्हणजे वाचकाला सुलट दिसावे म्हणून अक्षर आधी उलटे लिहावे लागते. शिवाय प्रत्येक ठशासाठी शाई नव्याने भरावी आणि पुसावी लागते. म्हणून प्रत्येक प्रत मूळच असते. तिच्यामागे दडलेले दुसरे ‘मूळ चित्र’ नसते.

१९६७ पासून त्यांनी खेड्यापाड्यांतील भिंतीवरची व अंगणातली रेखाटने छायाचित्रांत टिपली. मुद्राचित्रकाराने हे आडवळण का घ्यावे, असा प्रश्न पडेल. वस्तुतः ते आडवळण नव्हेच. सण सरला की पुसले जाणारे आणि पुढच्या सणाला लेकीसुनांच्या हातून पुन्हा उमटणारे मांडणे, यालाही मूळ प्रत नसते. परंपरा हाच त्याचा पत्रा.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून मूळ पाठाचा शोध ही मराठी अभ्यासाची प्रतिष्ठेची वाट आहे. ती सोडावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ओवी, लोककथा, भाषांतर यांना त्याच मापाने मोजून आपण त्यांना सदैव दुय्यम ठरवीत आलो, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठेही अध्यापकाचे कार्य ग्रंथसंख्येने मोजतात. विद्यार्थ्याच्या हातात उतरलेले कसब त्या हिशेबात बसत नाही. ठसा घेणे, शिकविणे आणि टिपणे या भट्ट यांच्या तिन्ही कामांमागे एकच श्रद्धा दिसते: पुन्हा उमटणे म्हणजे उणे होणे नव्हे. साहित्याच्या अभ्यासकांनी ती आपल्या विषयातही पारखून पाहावी.