पाखरांचं तळं

जोडून सुट्ट्या आल्या, म्हणून आम्ही चार मित्र राजस्थानात फलोदीजवळच्या खीचनला जाऊन आलो. भोवती वाळवंट, मधूनच मोहरी-जिऱ्याची शेतं. मंगोलिया, मध्य आशियातून हजारो करकोचे इथे हिवाळ्याला येतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. सकाळी गावकरी दाणे टाकतात, मग थवे तळ्यावर उतरतात. २०२५ साली ही पाणथळ जागा रामसर यादीत आली. दुर्बीण एकच, तिच्यावरून आमची भांडणं!

तळ्याकाठी बसल्यावर विषय महाडवर गेलाच. चवदार तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता, होता तो आपल्या आजे-पणज्यांना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं.

मुलांना दोन्ही तळी दाखवा. खीचनला थंडीतच जा, स्वेटर विसरू नका.