संगणकप्रणालीचे नाव पुरेसे नाही

एखाद्या कल्पाच्या चिकित्सालयीन अभ्यासाच्या अखेरीस ‘विश्लेषण एसपीएसएस या संगणकप्रणालीने केले’ एवढे लिहून आपण मोकळे होतो. क्वाथ किती आटवला, अनुपान कोणते, हे न सांगता केवळ द्रव्याचे नाव लिहावे, तसाच हा प्रकार आहे.

रुग्णास उपशय मिळाला वा नाही, अशा द्विविध फलाचे विश्लेषण बहुधा लॉजिस्टिक रिग्रेशनने होते. त्यात चिकित्सा, वय व प्रकृती हे घटक एकत्र घेतले, की एकाच माहितीवरून निरनिराळ्या प्रणाली निरनिराळी ‘पी’ किंमत देऊ शकतात. आणि त्यांपैकी एकही चुकलेली नसते. ‘आर’मधील अनोव्हा ही आज्ञा घटक ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने तपासते, वयाआधी चिकित्सा लिहिली तर उत्तर बदलू शकते. एसपीएसएसची जेनलिन ही आज्ञा, वेगळे न सांगितल्यास, प्रत्येक घटक इतर सर्वांच्या उपस्थितीत वाल्ड कसोटीने तपासते. ‘सॅस’मधील जेनमॉडला टाइप ३ मागितले, तर ती लाइकलिहुड रेशो कसोटी लावते. आपल्या अभ्यासांत रुग्णसंख्या अल्प असते, म्हणून हा भेद अधिकच बोचतो. औषधाचा गुण फार मोठा असतानाही वाल्डची किंमत उलट घसरू शकते, हे हॉक व डोनर यांनी १९७७ मध्येच दाखविले आहे. म्हणजे उत्तम कल्पही कागदावर निष्प्रभ ठरावयाचा!

औषधनिर्मात्यांनीही अशा निबंधाच्या आधारे पत्रके छापण्यापूर्वी हे विचारले पाहिजे. प्रणालीची आवृत्ती, कसोटीचे नाव आणि घटकांचा क्रम दिल्यावाचून निबंध स्वीकारू नये, अशी माझी संपादक मंडळास विनंती आहे.