वारसाच्या कागदांत हरवलेली माणसे

महापे येथील औद्योगिक वसाहतीत फिरताना कारखाने, गोदामे आणि काचेच्या इमारती दिसतात. त्यांच्या खालची जमीन मात्र एकेकाळी भातखाचरांची होती आणि प्रत्येक खाचराला एक सर्व्हे नंबर होता. ठाण्याच्या खाडीपलीकडचा हा मुलूख १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांकडून कंपनी सरकारकडे गेला. पुढे मोजणी झाली, आकार ठरला, खातेदारांची नावे वह्यांत चढली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आणि १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर जमिनी संपादित झाल्या आणि त्या जुन्या वह्यांतील नावांना अकस्मात मोल आले. मोबदला कोणाला? भूखंड कोणाच्या नावे? ज्याचे नाव कागदावर, त्याला. मग ज्यांची नावे कागदावर नव्हती त्यांनी न्यायालयाची पायरी चढली.

त्या पायरीवर वारस दाखल्यासाठी अर्ज करणाऱ्यास आजही एक विलक्षण गोष्ट आढळते. आपल्या राज्यात दिवाणी न्यायालय वारसास जो दाखला देते, तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ अन्वये. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना झालेला हा नियम. राज्य बदलले, राज्यघटना आली, पण मृताचा वारस कोण हे औपचारिकपणे सांगण्याची ती रीत जवळजवळ दोनशे वर्षे टिकून आहे. म्हणूनच वसाहतकाळातील वारसाहक्काचे वाद हा केवळ इतिहासप्रेमींचा विषय उरत नाही. आपल्या घराण्याचा जुना कागद ज्याला वाचता येतो, त्याला आजचा वादही अधिक स्पष्ट दिसतो.

आपल्या समाजापुरते पाहिले तर या वादांना आणखी एक पदर आहे. इंग्रजी न्यायालयासमोर जैन कुटुंबाचा दावा आला की पहिला प्रश्न उभा राही : या माणसांना कायदा कोणता लावायचा? हिंदू धर्मशास्त्र न्यायाधीशांनी पंडितांच्या मदतीने आणि छापील ग्रंथांच्या आधारे बऱ्यापैकी बसवून घेतले होते. जैनांचे काय? १८७३ साली भगवानदास तेजमल विरुद्ध राजमल या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर मायकेल वेस्ट्रॉप यांनी उत्तर दिले. जैनांना सामान्यतः हिंदू कायदाच लागू. त्याहून वेगळी रूढी असल्याचे जो म्हणेल, त्याने ती पुराव्याने सिद्ध करावी. हे वाक्य पुढील कित्येक दशके जैन पक्षकारांच्या वाटेत उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली रीत घरात सर्वांना ठाऊक असते, पण ती सिद्ध करायची तर साक्षीदार हवेत, जुनी उदाहरणे हवीत, वह्या हव्यात.

हे सिद्ध करणे कसे घडते, याचे उत्तम उदाहरण पाच वर्षांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिले. शिवसिंग राय विरुद्ध दाखो हा १८७८ सालचा निकाल. दाखो ही सरावगी अगरवाल जैन समाजातील विधवा. पुत्रहीन पतीच्या पश्चात तिला दत्तक घेता येतो का, त्यासाठी पतीची पूर्वपरवानगी किंवा भाऊबंदांची संमती लागते का, आणि पतीच्या मिळकतीवर तिचा हक्क किती, हा वादाचा गाभा. त्यासाठी दिल्ली, जयपूर, मथुरा आणि बनारस येथील साक्षीदारांच्या जबान्या घेण्यात आल्या. आमच्या समाजात काय चालते, हे त्या साक्षीदारांनी घटनांसह सांगितले. प्रिव्ही कौन्सिलने रूढी मान्य केली : अशी विधवा कोणाच्या परवानगीवाचून दत्तक घेऊ शकते, मुलीच्या मुलालाही दत्तक घेऊ शकते, आणि निदान पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर तिचा पूर्ण हक्क असतो. त्या काळच्या सामान्य हिंदू विधवेला हयातीपुरताच मर्यादित हक्क असे. हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाचे वजन कळते.

मात्र एका निकालाने सर्वांचे भागले नाही. त्याच सुमारास छोटेलाल विरुद्ध चुन्नोलाल या दुसऱ्या जैन खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेच सांगितले की, वेगळी रूढी सिद्ध न झाल्यास जैनांनाही वारसाचा सामान्य हिंदू कायदा लागू होईल. तेथे मुलीला मर्यादित हक्कच मिळाला. एका घरची विधवा मालकीण झाली, दुसऱ्या घरची मुलगी हयातीपुरती धनीण राहिली. धर्म एकच, फरक पडला तो पुराव्याचा.

या अनुभवातूनच आपल्या विद्वानांना जैन कायद्याचे ग्रंथ इंग्रजीत आणण्याची निकड वाटली. बॅरिस्टर जे. एल. जैनी यांनी १९१६ साली भद्रबाहु संहितेच्या आधारे, तर बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ साली जैन कायद्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. कुमारस्वामी शास्त्री आणि पुढे १९३९ साली मुंबईचे न्या. रांगणेकर यांनी जैन परंपरेच्या स्वतंत्र प्राचीनतेची दखलही घेतली. पण वारसाच्या बाबतीत चाकोरी बदलली नाही. अखेर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने जैनांचा स्पष्ट उल्लेख करून सर्वांना एका नियमाखाली आणले आणि विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला. दाखोला सागराच्या पलीकडून जे मिळवावे लागले, ते पुढे प्रत्येक विधवेला कायद्यानेच मिळाले.

आता जमिनीच्या कागदाकडे वळू. न्यायालयाच्या कागदांत माणसे बोलतात. महसुली कागदांत ती बहुधा गप्प असतात. पण त्यांचे मौनही वाचता येते. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासून खातेदार मयत झाला की वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यावी, तलाठ्याने फेरफाराच्या वहीत नोंद घ्यावी, संबंधितांस नोटीस द्यावी आणि वरिष्ठाने नोंद प्रमाणित करावी, अशी रीत रुळली. आता समजा, एखाद्या खातेदाराचा मृत्यू एका साली झाला आणि वारस नोंद अकरा वर्षांनी पडली. ती अकरा वर्षे कशात गेली? भावांत बोलणे बंद होते, की विधवा पोटगीसाठी झगडत होती, की कोणी अज्ञान होता? अशा अंतराच्या साली जिल्हा न्यायालयातील दाव्यांची नोंदवही पाहावी. पुष्कळदा उत्तर तेथे सापडते.

सातबाऱ्यावरील आखूड अक्षरांनाही अर्थ आहे. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ असेल, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची व्यवस्थापक किंवा पुढारी म्हणून लागलेली आहे. ती एकटी मालक नव्हे. थोरल्या भावाचे एकट्याचे नाव पाहून धाकट्यांच्या वंशजांनी हक्क सोडल्याचे, आणि थोरल्याच्या वंशजांनी तेच नाव दाखवून मोबदला उचलल्याचे प्रकार घडतात, ते या तीन अक्षरांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. तो अज्ञान सज्ञान झाल्यावर शेरा कमी झाला का, हे तपासावे. आणि सर्वांत महत्त्वाचा तो ‘इतर हक्क’ हा रकाना. मुली, बहिणी आणि विधवा यांची नावे कब्जेदाराच्या रकान्यात न घेता या कोपऱ्यात ठेवण्याची सवय फार जुनी आहे. तेथून ती नावे पुढील पुनर्लेखनात गळूनही जात. घराण्यातील हरवलेली स्त्री शोधायची असेल तर आधी तो रकाना पाहावा.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांतील ज्या जैन घराण्यांकडे पाटीलकीची वतने होती, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्रिटिश मुलखातील वतनांना १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा लागू होता. १८८६ च्या दुरुस्तीने, शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता, वतनी घराण्यातील सर्व स्त्रियांचा क्रम वारसास पात्र असलेल्या प्रत्येक पुरुषानंतर लावला. म्हणजे सख्खी मुलगी मागे आणि दूरचा भाऊबंद पुढे. वंशावळीत मुलगी असूनही वतनाची जमीन चुलत घराकडे का गेली, याचे कारण अनेकदा या एका कलमात असते. महाराष्ट्रात पाटीलकीची वतने १९६२ च्या कायद्याने संपली. त्या कलमाने पाडलेल्या भेगा काही घरांत अजून बुजलेल्या नाहीत.

शोधाचा क्रम सांगायचा तर आजच्या सातबाऱ्यापासून मागे जावे. त्यावरील फेरफार क्रमांक घ्यावा, तो फेरफार काढावा, त्यात उल्लेखिलेला आधीचा फेरफार काढावा. असे करत हक्कनोंदणीच्या आरंभापर्यंत पोहोचता येते. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार पाहावयास मिळतात. उरलेले तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मागावे लागतात. हक्कनोंदणीच्या आधीच्या काळासाठी मुंबई व पुण्याची पुराभिलेखागारे आहेत, आणि जुन्या करवीर संस्थानच्या कागदांसाठी कोल्हापूरचे. तेथील बरेच दफ्तर मोडीत आहे, तेव्हा जाणकार सोबत घ्यावा. गहाण, विक्री, दत्तकपत्र, वाटणीपत्र यांसाठी दुय्यम निबंधकाच्या सूची पाहाव्यात. उच्च न्यायालयाचे निवडक निकाल १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ मध्ये, त्यापूर्वीचे ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’ मध्ये छापलेले आहेत. जुन्या दाव्याच्या मूळ कागदांत दाखल केलेली वंशावळ, चोपड्यांचे उतारे आणि साक्षी असतात. घरातील पोथ्यांच्या कपाटात पडलेली खतावणीही कधीकाळी न्यायालयात फिरून आलेली असू शकते.

मात्र दोन सावधगिऱ्या हव्यात. फेरफार नोंदीला उलट पुरावा येईपर्यंत खरे मानले जाते हे खरे, पण ती मालकी निर्माण करीत नाही. मुख्यतः महसुलाची जबाबदारी कोणावर, हे ती सांगते. न्यायालयांनी हे पुनःपुन्हा बजावले आहे. आणि दाव्यातील वंशावळ ही एका पक्षाची वंशावळ असते. ज्याला वगळायचे, त्याचे नाव तीत नसणारच. म्हणून वादी आणि प्रतिवादी दोघांचे कागद शेजारी ठेवून वाचावेत.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणे सहदायाद झाली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नसल्याचे स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र कायम राहिल्या. म्हणजे जुनी वाटणी खरोखर झाली होती का, आणि कोणत्या कागदाने, हा प्रश्न आज अनेक बहिणींच्या हक्काच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर स्मरणात नसून दफ्तरात आहे.

बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी भावाने तो जुना फेरफार तिच्यापुढे ठेवून वाचून दाखवावा. मग ती सोडेल ते जाणून सोडेल, आणि मागेल ते कागदाच्या आधाराने मागेल. दोहोंतही पुढच्या पिढीला न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.