पीक विम्याचा आकडा कुठून आला? पीक कापणीच्या नोंदी ऑनलाइन अशा मागा

खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयातील पीक विमा बंद झाला. खरिपात विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना कमाल ५ टक्के हप्ता आपण भरू लागलो. हा बदल खिशाला जाणवला, म्हणून त्याची चर्चा झाली. दुसरा बदल त्याहून मोठा आहे. पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान यांसाठी मिळणारी वेगळी भरपाई राज्याने त्याच वेळी वगळली. उरली ती फक्त हंगामाच्या शेवटी पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर आधारित भरपाई.

म्हणजे तुमच्या शेतात किती नुकसान झाले यापेक्षा तुमच्या महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न किती लिहिले गेले, यावर पैसे ठरतात. तो आकडा सरकारी कागदावर असतो आणि तो कागद मागण्याचा हक्क तुम्हाला माहिती अधिकार कायदा २००५ ने दिला आहे.

एका आकड्याने किती फरक पडतो?

आधीच्या सात वर्षांतील सर्वाधिक उत्पन्नाच्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पन्न मिळते. चालू हंगामाचे सरासरी उत्पन्न त्यापेक्षा जितके टक्के कमी, विमा संरक्षित रकमेच्या तितके टक्के भरपाई.

समजा, उंबरठा उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आहे. मंडळाचे उत्पन्न ९ क्विंटल निघाले तर तूट २५ टक्के, भरपाई १२,५०० रुपये. तेच ११ क्विंटल लिहिले गेले तर सुमारे ४,१६७ रुपये. १२ किंवा जास्त निघाले तर शून्य. दोन क्विंटलच्या फरकाने हेक्टरी आठ हजारांहून जास्त रक्कम जाते. काही पिकांसाठी उपग्रहाच्या आधारे काढलेले उत्पन्नही ठराविक भारांकाने यात धरले जाते. म्हणून केवळ अंतिम आकडा पाहून भागत नाही, तो कसा तयार झाला हे पाहावे लागते.

कारण विचारू नका, कागद मागा

बहुतेक अर्ज इथेच फसतात. "मला भरपाई का मिळाली नाही?" असा प्रश्न माहिती अधिकारात टाकला तर "माहिती उपलब्ध नाही" असे उत्तर येऊ शकते आणि ते कायद्याला धरून असते. माहिती अधिकाऱ्याने दप्तरात असलेली माहिती द्यायची असते. नवी माहिती तयार करणे, खुलासा करणे किंवा मत देणे त्याच्यावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून कोणता कागद हवा ते नेमके लिहा.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसावा. नमुना असा:

*विषय: खरीप २०२५, पीक ____, महसूल मंडळ ____, तालुका ____ येथील पीक कापणी प्रयोगांच्या नोंदी.*
*१. निवडलेल्या प्रयोगांची यादी: गाव, गट क्रमांक, कापणीची तारीख.*
*२. प्रत्येक प्रयोगाच्या भरलेल्या विवरणपत्राची प्रत, वजनाच्या नोंदीसह.*
*३. मंडळाचे उंबरठा उत्पन्न व अंतिम सरासरी उत्पन्न दाखवणाऱ्या तक्त्याची प्रत.*
*४. तंत्रज्ञानाधारित उत्पन्न धरले असल्यास ते व त्याचा भारांक दाखवणारा कागद.*
*५. विमा कंपनीने घेतलेले आक्षेप व त्यावरील निर्णयाची प्रत.*
*शेतकऱ्यांची नावे व मोबाइल क्रमांक झाकून प्रती द्याव्यात.*

माहिती कशासाठी हवी, हे लिहिण्याची गरज नाही.

अर्ज कोणत्या पोर्टलवर करायचा?

कृषी व महसूल ही राज्याची खाती आहेत, म्हणून अर्ज महाराष्ट्र शासनाच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर करा. केंद्राचे पोर्टल दिसायला तसेच आहे, पण तिथे राज्याच्या कार्यालयासाठी केलेला अर्ज परत येतो आणि शुल्कही मिळत नाही. तुमच्या जिल्ह्यात भारतीय कृषी विमा कंपनी असेल आणि तिच्याच दप्तरातील कागद हवा असेल, तर मात्र केंद्राचे पोर्टल वापरा, कारण ती केंद्राच्या अखत्यारीत येते.

यादीत तालुका कृषी कार्यालय दिसत नसेल तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालय शोधा. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडल्यास शुल्क लागत नाही. छायाप्रतीला पानामागे २ रुपये पडतात. नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

सातबारा किंवा फेरफारासाठी हा मार्ग धरू नका. ते कागद महाभूलेखवर लगेच मिळतात.

उत्तर आले नाही तर

मुदत ३० दिवसांची आहे. छायाप्रतींचे पैसे भरा असे पत्र आल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात मोजले जात नाहीत, म्हणून पैसे लगेच भरा. मुदत उलटली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

नोव्हेंबर २०२५ चा बदल लक्षात घ्या

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलले. वैयक्तिक माहिती नाकारणे आता अधिक सोपे झाले आहे. "कोणाकोणाला किती भरपाई मिळाली, त्यांची यादी द्या" असा अर्ज त्यात अडकू शकतो. मंडळाचे उत्पन्न ही मात्र कोणा एकाची खासगी बाब नाही. नावे झाकून प्रती मागण्याचा उपयोग इथेच होतो, कारण देता येणारा भाग वेगळा करून देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे. शिवाय व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधील तरतूद कायम आहे.

कापणीआधीच जागे व्हा

पीक निघून गेल्यावर प्रयोग पुन्हा करता येत नाही. सोयाबीन सप्टेंबरअखेर काढणीला येत असेल, तर मंडळातील निवडलेल्या गट क्रमांकांची यादी जुलै-ऑगस्टमध्येच मागा. गावातील दोघे-तिघे वजनाच्या वेळी हजर राहिले, तर पुढचे अर्ज कमी होतील. नोंदीत तफावत आढळली तर प्रती जोडून तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार द्या.

कृषी सहाय्यक, ग्रामसेवक व तलाठी मित्रांनो, अशा अर्जाला संशय समजू नका. स्वतःहून माहिती जाहीर करण्याचे बंधन कलम ४ मध्ये आहेच. प्रयोगाची तारीख, गट क्रमांक आणि वजन ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले, तर तुमचे काम गावाला दिसेल आणि आक्षेप आला तर तीच नोंद तुमच्या बाजूने बोलेल.