घरचा सर्व्हर : सामान्य कुटुंबाला फायदा किती?

अलीकडे आपल्या तरुण मुलांच्या तोंडी 'घरचा सर्व्हर' हा शब्द वारंवार ऐकू येतो. सर्व्हर म्हणजे काही जादू नव्हे. रात्रंदिवस चालू राहणारा तो एक संगणक. घरातल्यांचे फोटो, कागदपत्रे, दुकानाची बिले त्यात राहतात आणि ज्याला त्याला आपल्या मोबाईलवर पाहता येतात. सामान्य कुटुंबाने हा खर्च करावा काय? आम्ही कापडाचे व्यापारी. तेव्हा जमा-खर्च मांडूनच या प्रश्नाकडे पाहतो.

प्रथम जमेची बाजू. फुकटची जागा कायम फुकट राहत नाही. गुगलने फोटोंची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. आता फोटो व ई-मेल मिळून १५ जीबी, पुढे भाडे. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्यासही डिसेंबर २०२३ मध्ये सुरुवात झाली. घरातील वडीलधारे माणूस गेले आणि त्यांचे खाते कोणी उघडलेच नाही, तर त्यातील फोटोही जाऊ शकतात. शिवाय गिऱ्हाइकांची उधारी व फोन नंबर ही आपल्याकडची अमानत आहे. ती परक्याच्या कोठारात न ठेवता आपल्या छपराखाली असावी, हा विचार चुकीचा नाही. जी.एस.टी. कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो, हेही लक्षात घ्यावे.

आता खर्चाची बाजू. १० वॅटचा छोटा संगणक चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे ७ युनिट वीज लागते. जुना डेस्कटॉप ६० वॅटचा धरला तर ४३ युनिट. वीज गेली की बंद पडू नये म्हणून यूपीएस हवा. हार्ड डिस्क ही तर कधी ना कधी बिघडणारच. बाहेरगावाहून सर्व्हर उघडायचा तर इंटरनेटची वाट मोकळी करावी लागते. ते काम अर्धवट ज्ञानाने केले, तर दुकानाचे शटर अर्धे उघडे ठेवून घरी जाण्यासारखे आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली, ती वेळेवर दुरुस्ती न केलेल्या संगणकांवरच.

आपल्या मंगळवेढा भागात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. पेव स्वतःचे असे, पण पाणी शिरू नये म्हणून राखावेही स्वतःलाच लागे. सर्व्हरचे तसेच आहे. तो बसविणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला, तर पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. आणि घराला आग लागली किंवा चोरी झाली, तर मूळ मोबाईल आणि सर्व्हर दोन्ही एकदमच जातात. म्हणजे सर्व्हर घेतला तरी दुसरी प्रत दुसरीकडे ठेवावीच लागते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सामान्य कुटुंबाला सर्व्हरची नव्हे, दुसऱ्या प्रतीची गरज आहे. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात. एक घरी, एक भावाच्या किंवा बहिणीच्या घरी. महिन्यातील एक दिवस ठरवून फोटो, जमिनीचे कागद, दाखले व बिले दोन्हींवर उतरवावीत आणि डिस्क काढून ठेवावी. संगणकाला न जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोचत नाही.

ज्यांचा फोटो स्टुडिओ आहे, जे चादरी-टॉवेलची डिझाइन संगणकावर काढतात, किंवा ज्या एकत्र कुटुंबात दुकान व घर मिळून पाच-सहा जण तीच कागदपत्रे रोज वापरतात, त्यांनी सर्व्हर जरूर घ्यावा. अट एकच : तो चालविणे घरातील निदान दोघांना यावे, आणि पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत असावा.

व्यापारी व कारागीर बंधूंनी निदान एवढे तरी करावे : मागील वर्षाचे एखादे बिल साठवलेल्या प्रतीतून उघडून पाहावे. ते उघडले नाही, तर साठवण झालीच नाही असे समजून आजच कामाला लागावे.