पाऱ्याकडे नको, घामाकडे पाहा

मराठवाड्यातल्या मुदखेड-अर्धापूर पट्ट्यात हळद शिजवण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो आणि एप्रिलच्या उन्हातही कुठे ना कुठे चालूच असतो. शेतात कुकर मांडलेला असतो. ड्रमचे झाकण उघडले की वाफेचा लोट थेट तोंडावर येतो. शिजलेली हळद खाली ओतायची, पसरायची, पुन्हा ड्रम भरायचा. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल, पायाखाली तापलेली माती. संध्याकाळी बातमीत ‘पारा ४२ अंशांवर’ असे सांगितले जाते, पण ते तापमान सावलीतल्या हवेचे असते. त्या ड्रमपाशी राबणाऱ्या माणसाच्या अंगावर काय बेतले, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या कामाच्या वेळा आणि इशारे केवळ कमाल तापमानावर ठरवणे चूक आहे, असे माझे मत आहे. ते शरीराच्या स्वतःला निववण्याच्या ताकदीवर ठरले पाहिजेत.

ही ताकद अमर्याद नाही. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. कष्टाचे काम करताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, त्यातला जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी हृदय जास्तीचे रक्त त्वचेकडे धाडते. पण बाहेरची हवाच त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, तापलेली असेल तर घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. आणि नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच टपटप खाली गळला तर फक्त पाणी आणि मीठ वाया जाते. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, तसेच हे आहे. हळदीच्या वाफेत किंवा नुकत्याच भिजवलेल्या केळीच्या बागेत हवा ओली असते. तिथे ४० अंशही कोरड्या माळरानावरच्या ४२ पेक्षा जड जाऊ शकतात.

खारघरची आठवण इथे काढावीच लागेल. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तिथले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. मराठवाड्यात ३८ ला कोणी कडक ऊन म्हणणार नाही. ती माणसे ओझी उचलत नव्हती, उन्हात बसून होती. उघडे ऊन, किनाऱ्याजवळची दमट हवा आणि तासन् तास बसणे एकत्र आले, की पाऱ्याचा आकडा केवढी फसगत करतो हे तिथे दिसले.

‘आमच्या माणसांना ऊन सोसते, पिढ्यान् पिढ्या सोसत आले’ हा आक्षेप हमखास येतो. त्यात तथ्य आहे. रोज उन्हात काम केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर बदलते: घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. पण जास्त घाम म्हणजे पाण्याची गरजही जास्त. सवय झालेल्या माणसाला पाणी कमी लागत नाही, उलट अधिक लागते. शिवाय रात्री पत्र्याखाली अंग निवलेच नाही, तर दुसऱ्या दिवशीचे काम थकलेल्या हृदयावरच सुरू होते. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या बायांचे तर आणखी हाल. अंगातले पाणी घटले की मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठाही आटतो, आणि हे वर्षानुवर्षे चालले तर ते कायमचे निकामी होऊ शकते. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांमध्ये तरुण वयातच मूत्रपिंडाचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. उष्णतेतले अतिकष्ट हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. ऊसतोडीला माणसे पाठवणाऱ्या मराठवाड्याने याकडे काणाडोळा करू नये.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे: काम थांबले तर रोज बुडतो, शेतकऱ्याची हळद पडून राहते. हा आक्षेप खराच आहे, म्हणून काम बंद ठेवा असे मी म्हणत नाही. एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणाऱ्यांना ठरावीक वेळाने सावलीत विश्रांती आणि पाणी देऊन पाहिले, तेव्हा तोडणी घटली नाही, वाढली. आपल्याकडे पहाटे सहाला सुरुवात, अकराला सुट्टी आणि चारनंतर पुन्हा काम, हे अनेक गावांत आपसूक होतेच. फरक एवढाच, की विश्रांतीची वेळ मजुरीत धरली पाहिजे. ती मजुराच्या खिशातून गेली, तर तो विश्रांती घेणारच नाही. हंगामाचे पहिले आठ दिवस नव्या माणसाला हलके काम द्यावे, कारण त्याच्या शरीराला अजून सवय झालेली नसते.

आणि मुकादमाला, शेतमालकाला एक गोष्ट पक्की माहीत हवी. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे. कष्टाच्या कामातला उष्माघात घामाने निथळत असतानाही होतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, की १०८ ला फोन लावायचा आणि गाडीची वाट पाहत न बसता त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. त्यासाठी दोनशे लिटरची पाण्याची टाकी आणि चार बांबूंवरची जाळी हळदीच्या प्रत्येक कुकरजवळ असावी, आणि त्यांचा खर्च हळद शिजवण्याच्या दरातच धरावा.