गाडीचं गरम सीट-कव्हर आणि माझी सुई

मुंबईत गाडीला गरम सीट-कव्हर कशाला हवं, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे ते आलं सासूबाईंच्या कंबरेमुळे. धाकटे दीर कॅनडात असतात. तिकडे हिवाळ्यात गाडीत बसणं म्हणजे बर्फाच्या लादीवर बसणं, त्यामुळे सीट गरम करायची सोय घरोघरच्या गाड्यांत असते. स्वीडनच्या साब कंपनीने १९७१ मध्येच विजेने गरम होणारी सीट आणली होती. आपल्याकडे त्याची गरज नाही, पण दोन वर्षांपूर्वी दीर आले ते आईसाठी सीटवर पसरायचं असं एक कव्हर घेऊन. पाठीवर ताणून पट्टे बांधायचे आणि वायर गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचायची.

गोरेगावातल्या गोरेगावात ते बंदच असतं. पण वर्षातून एकदोनदा आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला जातो. पहाटे चारला निघायचं, साताऱ्यापर्यंत चांगलीच थंडी, त्यात सात-आठ तास बसून सासूबाईंची कंबर धरते. कव्हर लावलं की त्या खूश.

डिसेंबरात असंच जाऊन आलो. रात्री त्यांच्या पाठीला तेल लावायला बसले तर कंबरेजवळ रुपयाएवढा लाल चट्टा. मी विचारलं, "आई, इथे भाजलं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "नाही गं, मला तर छान ऊब वाटत होती." त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह. पायाची संवेदना कमी झालीय हे आम्हाला ठाऊक होतं, पाठीचा विचार कुणी केला नव्हता. डॉक्टरांनी मलम दिलं, दहा दिवसांत बरं झालं. पण ते दहा दिवस मला झोप नीट लागली नाही, कारण कव्हर पट्टे आवळून मीच बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी कव्हर काढून खिडकीच्या उजेडात धरलं. पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या घडीवर कापड विरलेलं, शिवण उसवलेली आणि आत एक तपकिरी डाग. घरात लगेच तीन मतं झाली. हे म्हणाले, टाकून दे, नवीन मागवू. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, तुटलेली वायर जोडून वर टेप मारतो, पाच मिनिटांचं काम. आणि मी शिलाई मशीन काढून बसले होते.

माझं मत अजूनही हेच आहे की गाडीचं कव्हर आपण घरी दुरुस्त करावं. फक्त सुई कुठवर चालवायची, ते आधी ठरवावं.

पहिली हद्द वायरची. १२ व्होल्टला शॉक लागत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. असं कव्हर साधारण ४ अँपिअर वीज घेतं, म्हणजे ४८ वॅट. आतली तार बारीक तंतूंची असते. रोजच्या घडीने काही तंतू तुटले की सगळी वीज उरलेल्या तंतूंतून जाते आणि तेवढीच जागा तापते. बाकीचं कव्हर कोमट आणि एक ठिपका कढत! वरून जोड देऊन टेप मारली तर तो जोडच उद्याचा ठिपका होतो. शिवाय कातडीला भाजायला फार उष्णता लागते असंही नाही. ४४ अंशांवर टेकून कुणी पाच-सहा तास बसलं तरी भाजू शकतं. निरोगी माणूस अस्वस्थ होऊन सरकतो. ज्याला कळतच नाही तो बसून राहतो. मधुमेही, लकवा झालेले, झोपेची गोळी घेतलेले, तान्ही मुलं, यांना असल्या कव्हरावर बसवूच नये, असं आता मी सगळ्यांना सांगते.

एक छोटी गोष्ट आणखी. सॉकेटात खोचायच्या टोकात बहुतेक वेळा एक काचेचा फ्यूज असतो. तो सारखा उडत असेल तर कव्हर बिघडलंय हे समजावं. त्या जागी मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणं म्हणजे पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणं.

म्हणून मी उसवलेल्या शिवणीतून तारेची पूर्ण जाळी बाहेर काढली आणि ई-कचऱ्यात देण्यासाठी वेगळी ठेवली. उरलं ते साधं, मऊ, फोमचं कव्हर. त्याला सुई लावायला कसलीच भीती नव्हती.

दुसरी हद्द मला तेव्हाच दिसली. कव्हर परत बसवताना सीटच्या दाराकडच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी हाताला लागली. पुढच्या सीटच्या पाठीत कडेची एअरबॅग असते, आणि तिथली मूळ शिवण मुद्दाम अशा दोऱ्याची घालतात की धक्का बसताच ती फाटून पिशवी बाहेर यावी. पापणी लवायच्या आत हे सगळं व्हायचं असतं. दोन वर्षं मी त्याच कडेवरून इलॅस्टिकचा पट्टा ओढून गाठ मारत होते, कव्हर सरकू नये म्हणून! आता पट्टे फक्त डोक्याच्या उशीला आणि बैठकीखाली बांधले. सीटखाली पिवळी वायर किंवा पिवळा जोड दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला आपण हात लावायचा नाही. मापाचं कव्हर शिवून घेणार असाल तर ती बाजू उघडी सोडायला सांगा. दुकानदार "काही होत नाही वहिनी" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

मग मागची सीट पाहिली. तिथे दुकानातून बसवून घेतलेलं रेक्झिनचं कव्हर, आणि पट्ट्यांची बकलं त्याच्या खाली गाडलेली. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा केला. आमची मुलं मागे बसतात आणि त्यांची बकलं आम्ही सीट स्वच्छ राहावी म्हणून झाकली होती. मी कव्हर सीटवरून काढलं, मापाने चिरा पाडल्या, कडा दुमडून शिवल्या. अर्ध्या तासाचं काम.

आता शिवणीचं. रेक्झिनला सुईचं भोक पडलं की ते कायमचं, म्हणून टाचण्या लावू नका, कपडे वाळवायचे चिमटे लावा. १६ किंवा १८ नंबरची सुई, नायलॉनचा दोरा आणि लांब टाका घ्या. बारीक टाके घातले तर वहीच्या पानासारखं रेक्झिन त्या रेषेवर फाटतं. मशीनचा पाय चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा, मग कागद ओढून काढा. चीर पडली असेल तर आतून जाड कापडाचं ठिगळ रबरी सोल्यूशनने चिकटवा. पण ज्याचे पापुद्रे सुटतायत त्याच्यावर वेळ घालवू नका. आपल्या पावसाळी दमटपणाने वरचा थर कुजतो, तो चिकटत नाही. ते बदलावंच लागतं.

बदलताना आम्हा जैनांचा एक प्रश्न असतोच. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात एकाने मला अभिमानाने "असली लेदर" दाखवलं. तुकड्याची मागची बाजू बघा. विणलेलं कापड दिसलं तर कृत्रिम, तंतूंचा लगदा दिसला तर कातडं. शंका आली तर सरळ सुती कापड घ्या, उन्हात चटकेही बसत नाहीत. पण कृत्रिम म्हणजे निर्दोष असंही मी समजत नाही. रेक्झिन हे प्लास्टिकच, टाकलं की कांजूरमार्ग नाहीतर देवनारच्या ढिगात जाऊन पडणार. म्हणून शिवून चालण्यासारखं असेल तोवर शिवावं. आणि जुनं कव्हर काढताना आधी मऊ फडक्याने हळूच झाडावं. मुलांनी सांडलेल्या खाकऱ्याच्या चुऱ्यावर मुंग्या असतात. त्यांना जाऊ द्यावं, मग व्हॅक्यूम लावावा.

ह्यांचं म्हणणं अजून तेच आहे, नवीन गरम कव्हर मागवू. मी नको म्हटलं. पुढच्या वेळी सासूबाईंसाठी निघण्याआधी घरीच शेक, कंबरेमागे छोटी उशी आणि दर दीड तासाला गाडी थांबवून चार पावलं चालणं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "चालेल. चहा पण होईल." तुमच्या घरी असं कव्हर असेल तर आज रात्रीच त्याची घडी उजेडात उघडून बघा, आणि त्यावर बसणाऱ्याची पाठही.